दोन्ही हात दांडीवर

सखाराम शिगवण चांगला माणूस होता असं मी लिहिलं, तर श्रीवर्धनच्या मोटारस्टँडवरची निम्मी माणसं मला खोटं ठरवतील. त्यांतल्या काहींच्या तोंडात ते नीट सांगण्यापुरते दातही त्यानं ठेवलेले नाहीत. तेव्हा तो कसा होता एवढंच लिहितो. मी सुपारीच्या खरेदी-विक्रीचे हिशेब सांभाळणारा माणूस. आकडा जसा असेल तसा मांडायची सवय आहे. माणसाबद्दलही तसंच करून बघतो.

आमची घरं शेजारी शेजारी होती, मध्ये फक्त कुडाचं कुंपण. मी सोलापूरकडून नोकरीसाठी इथं आलो, तेव्हा एस.टी. नुकतीच सुरू झाली होती आणि खाजगी सर्व्हिसमोटारी बंद पडल्या होत्या. त्याआधी माणगावपर्यंत दोन मालकांच्या गाड्या धावत आणि उतारू मिळवण्यासाठी रोज पहाटे स्टँडवर मारामारी होई. सखाराम एका गाडीचा ड्रायव्हर होता. एकदा एका म्हाताऱ्या कोळणीचा एक हात त्यानं धरला, दुसरा पलीकडच्या गाडीच्या माणसानं. ओढाओढीत तिची मासळीची पाटी उलटली. सखारामनं गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल घेतलं आणि त्या माणसाच्या जबड्यावर घातलं. म्हातारीसाठी घातलं असं कुणी म्हणू नये. उतारू हातचा गेला म्हणून घातलं. तो माणूस पुढे एस.टी.त कंडक्टर झाला. तिकीट फाडताना त्याची हनुवटी अजून एका बाजूला जाते.

सर्व्हिस बंद झाल्यावर सखारामनं लष्कराच्या लिलावातली एक जुनी स्टेशन वॅगन घेतली आणि भाड्यानं फिरवू लागला. गाडीचा हातब्रेक चढावर धरत नसे. चढावर थांबावं लागलं तर कुणीतरी पटकन उतरून मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा, अशी रीत होती. हे क्लीनरचं काम. पण सखारामकडे क्लीनर टिकत नसत. एकाच्या कानाचा पडदा गेला, दुसरा म्हसळ्याच्या घाटात गाडीतून उडी मारून रानात पळाला तो परत आलाच नाही. मग ज्यानं गाडी ठरवली असेल त्याच्याच हातात तो ठोकळा देई. ऐनाच्या लाकडाचा, काळा पडलेला, धरायला खाच पाडलेला.

मला त्यानं एकदाच हात लावला. ‘तुमच्या गाडीचा मैलांचा आकडा चुकतो, म्हसळ्यापर्यंतच्या दगडांशी जुळत नाही,’ एवढंच मी म्हणालो होतो. त्यानं माझी कॉलर धरली, मला उचललं आणि माझ्याच घरापुढच्या दगडी गडग्यावर नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा.

“दगड मोजत गेलो,” तो म्हणाला. “आकडा चुकतोय खरा.”

“मग?”

“मंग काय? तुम्ही गडग्यावरनं उतरलात का न्हाय, ते बघाया आलो.”

तेव्हापासून तो मला ‘अहो’ म्हणू लागला. गावात हा मान दुसऱ्या कुणाला मिळालेला मी पाहिला नाही. त्याची बायको सरू हिला मी वहिनी म्हणत असे.

त्याची एक सवय मला बरेच दिवस कळली नव्हती. त्यांच्या घरातून आवाज चढायचे, एखादं भांडं आपटायचं, आणि मग सखाराम तरातरा बाहेर येऊन उभ्या गाडीत बसायचा. गाडी सुरू करायचा नाही. स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी आवळून समोरच्या सुपारीच्या झाडाकडे बघत राहायचा. बोटांची हाडं पांढरी दिसायची. एकदा कुंपणापलीकडून मी विचारलं, “कुठं निघालात?”

“घाटात,” तो म्हणाला. मान वळवली नाही.

माझी बायको मला म्हणाली, “त्यांना काही विचारत जाऊ नका. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी वहिनींवर हात टाकला होता. तेव्हापासून असे जाऊन बसतात.” मी हे मनात एका बाजूला ठेवून दिलं.

पुढं माझे आईवडील आले. दोघांनी जन्मात डोंगर पाहिला नव्हता. आमच्याकडे जमीन सपाट, बैल कुठं चरतोय ते दोन कोसांवरून दिसतं. समुद्र दाखवून झाला. आईला तो फार आवडला नाही, ‘एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही,’ म्हणाली. तेव्हा त्यांना घाट दाखवावा म्हणून मी सखारामची गाडी ठरवली. पुढच्या बाकाच्या पाठीला त्यानं एक लोखंडी दांडी बसवून घेतली होती, मागच्यांनी धरायला. पहिल्या वळणाला वडिलांनी ती धरली. आई खिडकीतून बाहेर बघत एकेका झाडाचं नाव विचारत होती.  घरी अंगणात गाडी उभी राहिली तरी वडिलांच्या मुठी दांडीवर तशाच. आईनं एकेक बोट सोडवलं.

त्या संध्याकाळी सखाराम कुंपणाशी येऊन उभा राहिला.

“तुमच्या वडलांचे हात बघितलेत?”

“हो. घाबरले बिचारे. कधी सवय नाही.”

“सगळा घाटभर सुटलं न्हाईत.”

“नाही सुटले.”

“एकदाबी न्हाय,” तो म्हणाला, आणि बराच वेळ कुंपणाची काठी हातानं हलवत राहिला.

त्याचे आईवडील तळे गावाच्या अलीकडे एका खेड्यात राहत. भाताची शेती. झोडणी संपून भात घरात आलं, की म्हातारा-म्हातारी मुलाकडे येत आणि शिमग्याच्या आत परत जात. म्हातारा उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा. दारूला शिवत नसे. जे काही करायचा ते शुद्धीवर करायचा. आमटीत मीठ कमी पडलं, पाणी द्यायला उशीर झाला, बायको कुणाशी हसून बोलली, की हात उठे. रागानं लालबुंद होणंही नाही. बसल्या जागेवरून माशी हाकलावी तसं बायकोच्या तोंडावर मारायचा आणि पुढचा घास घ्यायचा. म्हातारीचा उजवा कान गेलेला होता. डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं. हे मी कुंपणापलीकडून पाहिलेलं सांगतो, ऐकीव नाही.

मी सखारामला एकदा म्हणालो, “तुम्ही साऱ्या तालुक्याला मारता. इथं का गप्प बसता?”

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. “सोळा वर्साचा व्हतो तवा खळ्यावर आडवा केला व्हता त्याला,” म्हणाला. “छातीवर बसून मारला. मंग मी पळालो मोटारवाल्यांकडं. मागनं कळलं, त्याच राती त्यानं आयेचं मनगट मोडलान. मी एक हाणली का तो घरला जाऊन तिला दोन हाणतो. तुम्ही हिशेबाचं मानूस. सांगा, कसं जमवू?”



“ठेवून घ्या ना आईला इथंच.”

“ती ऱ्हाते व्हय? गुरं हायत, घर हाय. आनि तो हाय.”

माझ्या वडिलांनंतर दोनच आठवड्यांनी त्यानं स्वतःच्या आईवडिलांना म्हसळ्याच्या घाटात नेलं. म्हातारा अख्ख्या जन्मात बैलगाडीपलीकडे कशात बसलेला नव्हता. गाडी परत आली तेव्हा म्हातारा राखेसारखा झाला होता आणि म्हातारीचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. रंगात आली होती. चाकाखाली ठोकळा लावायचं काम तिनं घेतलं होतं. “पटदिशी उतरायचं नि सरकवायचा,” ती माझ्या बायकोला हातवारे करून सांगत होती. “सखा वरडायच्या आधी. न्हायतर गाडी मागं जाते गो!”

त्यानंतर ती जोडी इथं असेपर्यंत सखाराम एक दिवसाआड त्यांना घाटात नेऊ लागला. भाडी सोडून देई. लोक म्हणत, आईबापांना फिरवतो, एवढा तरी गुण आहे. मलाही आधी तसंच वाटलं. मग एक गोष्ट खटकली. बघण्यासारखं काही आलं तरी तो थांबत नसे. फक्त वळणं घेत असे. वर पोचला की गाडी फिरवून पुन्हा खाली, आणि खाली आला की पुन्हा वर. एका फेरीला मी बरोबर होतो. त्याची नजर रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त. आरसा त्यानं असा वळवला होता की त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता. दांडी दिसत होती, आणि तिच्यावरचे म्हाताऱ्याचे दोन हात.

तेव्हा मला उलगडलं. घाटात म्हाताऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असत. तेवढा वेळ म्हातारी खिडकीतून बाहेर बघे, बोले, हसे, एकदा तर गाणं म्हणाली. तिचा मुलगा तिला डोंगर दाखवत नव्हता. त्याला जमण्यासारखं जे होतं, ते देत होता.

हे चार हिवाळे चाललं. पण म्हाताऱ्याला सवय होत गेली. म्हसळ्याच्या घाटात दुसऱ्या वर्षी त्यानं एक हात सोडून तंबाखू काढली. सखारामनं लगेच वरंधचा घाट धरला. तो दूर, दिवस मोडायचा. तिथंही पुढच्या वर्षी म्हाताऱ्याची एक मूठ सैल झाली. मग राहिला पोलादपूरवरून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळीचा घाट. आमच्या मुलखात त्याहून मोठा घाट नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी सखारामनं मला विचारलं, “येता का? पुढं बसा. आयेला बोलाया कुनीतरी लागतं.” मला सुट्टी होती. गेलो.

चढताना सगळं ठीक होतं. दरी उघडी पडली तेव्हा म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी दांडी आवळली आणि डोळे मिटले. सखारामनं शीळ घातली. तो शीळ घालतो हे मला माहीत नव्हतं. वर पोचल्यावर म्हातारीनं चण्याएवढी तांबडी फळं द्रोणभर विकत घेतली आणि आम्हा सगळ्यांना वाटली. म्हाताऱ्यानं दरीच्या कडेला उभं राहून खाली थुंकून बघितलं.

“हाच व्हय तुझा मोठा घाट?” तो मुलाला म्हणाला. “आमच्या रानातली उतरन यापरीस उभी हाय.”

मी सखारामकडे पाहिलं. याच्यानंतर घाट उरला नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

उतरताना म्हातारा एक हात मांडीवर टाकून बसला. मग दुसराही. ऊन कलतं होतं. एका वळणावर खाली दूरवर सावित्री नदीचं पाणी चमकलं. म्हातारी अर्धवट उठली. “सखा, तो दर्या काय रं? आपल्या घराकडचा?” असं म्हणून हसली. म्हाताऱ्यानं उलट्या हातानं तिच्या तोंडात मारली. तिचं डोकं खिडकीच्या दांड्यावर आपटलं. आवाज मी ऐकला. मागे वळून पाहिलं तर ओठ फाटून रक्त चोळीवर येत होतं, आणि फळांचा द्रोण तिनं अजून सांडू दिला नव्हता.

सखाराम आरशात बघत होता. “बा,” तो म्हणाला, “दांडी धर.”

“तू रस्ता बघ.”

“धरतोस का?”

“न्हाय धरत.”

“बरं,” सखाराम म्हणाला, आणि त्यानं चाकावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

गाडी उतारावर होती. चाक आपोआप डावीकडे फिरू लागलं. मी ते धरू शकलो असतो. माझे हात समोरच्या फळीला चिकटले होते, माझ्या वडिलांचे दांडीला चिकटले होते तसे. मागून म्हातारा ओरडला. शब्द नव्हते, नुसता आवाज. दांडीवर त्याचे दोन्ही हात धाडदिशी पडलेले मी आरशात पाहिले. सखारामनंही पाहिले. तेव्हा त्यानं चाक धरलं आणि ब्रेकवर उभा राहिला, पण गाडीभर अंतर उशीर झाला होता. डावं पुढचं चाक कठड्यावर चढलं, कठडा फुटला, काही दगड खाली गेले आणि गाडी चाक अधांतरी ठेवून थांबली.

पहिली म्हातारी हलली. ठोकळा घेऊन उतरली आणि मागच्या चाकाखाली सरकवला. मग आम्ही एकेक करून बाहेर आलो. कठड्याचे मोठे दगड रस्त्यावर पडले होते, ते मी ओढत आणून जमिनीवरच्या तिन्ही चाकांना लावले. त्या दिवशी माझ्या हातून तेवढंच झालं.

म्हाताऱ्यानं बाकाखालचं हँडल काढलं होतं. त्यानं ते पहिल्यांदा सखारामच्या खांद्यावर घातलं. हाड मोडलं, वाळकी झावळ मोडावी तसा आवाज झाला. सखारामनं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंतवले.

“मार,” म्हणाला. “मलाच मार. हितंच संपव सगळं.”

दुसरा घाव बरगडीवर बसला. तिसरा कपाळावर. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी हात मागेच. माझ्या माहितीत त्याला उलट न मारता मार खाताना पाहणारा गावात मी एकटा.

“पुरं,” म्हातारी म्हणाली.

म्हातारा वळला. हँडल वर उचललेलंच होतं. ते आता तिच्यावर येणार हे त्या तिघांनाही ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं ते तसंच आलं होतं. पण चाकांना आता दगड होते आणि ठोकळा तिनं काढून बाजूला ठेवला होता. तो तिनं खाचेत बोटं घालून दोन्ही हातांनी उचलला आणि म्हाताऱ्याच्या मनगटावर घातला. भात झोडताना पेंढी आपटतात तसा, वरून खाली, सगळं अंग लावून. मनगट लोंबलं. हँडल सुटून कड्यावरून गेलं. ते खाली कातळावर वाजत जाताना बराच वेळ ऐकू येत होतं.

म्हातारा मोडका हात दुसऱ्या हातात धरून खाली बसला. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“दुसराबी दे,” म्हणाली.

त्यानं दुसरा हात पाठीमागे लपवला. आईनं छडी उगारल्यावर पोर लपवतं तसा.

पुढे कोळशाचा एक ट्रक आला, त्यातल्या माणसांनी दोर लावून गाडी मागे ओढली. उतारावर हँडलची गरज पडत नाही, गाडी ढकलून सुरू झाली. सखारामनं एका हातानं पोलादपूरपर्यंत आणली. म्हाताऱ्याला दांडी धरता येत नव्हती, प्रत्येक वळणाला तो कलंडत होता. म्हातारीनं एका हातानं दांडी धरली होती आणि दुसऱ्या हातानं त्याची बंडी. ठोकळा तिच्या मांडीवर होता.

आता ती मुलाकडे राहील असं मी धरून चाललो होतो. आठ दिवसांनी दोघं निघाली. सखाराम दुखरा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून दारात उभा होता.

“आये, ऱ्हा हितंच.”

“भाकरी कोन देल त्याला? हात मोडलाय त्याचा.”

“तूच मोडलास ना?”

“म्हनून तर.” मग ती गाडीकडे गेली आणि ठोकळा काढून काखेत धरला. “ह्ये नेते.”

“गाडीला लागतंय त्ये.”

“तू धोंडा लाव.”

म्हाताऱ्याची ती मूठ पुन्हा वळली नाही. तो त्यानंतर तीन-चार वर्षं होता. मधे एकदा मी सखारामला विचारलं, पुन्हा काही झालं का. “एकदा डावा हात वर केलान,” तो म्हणाला. “आये काय बोलली न्हाय. चुलीकडच्या ठोकळ्याकडं बघलान फकस्त.” त्यानंतर सखारामनं स्टँडवरची मारामारी सोडली असं मात्र नाही. त्याच पावसाळ्यात त्यानं एका नारळवाल्याचे दोन दात पाडले. हेही मांडायला हवं.

म्हातारा गेल्यावर म्हातारी कायमची श्रीवर्धनला आली. गाडीचं इंजिन तोवर बसलं होतं. सखारामनं चाकं विकली, पण सांगाडा विकला नाही. सुपारीच्या झाडांखाली चार चिऱ्यांवर तो उभा करून ठेवला आणि स्वतः दुसऱ्याच्या ट्रकवर जाऊ लागला.

माझी अलिबागला बदली झाली. सामान पुढे गेलं होतं. सकाळची एस.टी. धरायला मी घराबाहेर पडलो, तेव्हा शेजारच्या घरातून वहिनींचा मोठ्यानं बोलण्याचा आवाज येत होता. कसली भीती नसलेला, चांगला ठणठणीत आवाज होता. सखाराम त्या बिनचाकांच्या गाडीत बसला होता. दोन्ही हातांनी चाक आवळलेलं, बोटांची हाडं पांढरी. शेजारच्या बाकावर म्हातारी अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. ठोकळा तिच्या पायाशी होता.

मी कुंपणाशी थांबलो. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

“उतरला का घाट?” म्हातारीनं विचारलं.

“न्हाय अजून,” सखाराम म्हणाला. “दोन वळनं हायत.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पुढची सुपारी घेतली.